गरम पाण्याच्या टबातून आलेला न्यूमोनिया

"लघवीच्या तपासणीत लिजिओनेला निघालाय," नागपूरचे डॉक्टर म्हणाले आणि माझ्या नवऱ्याकडे वळले. "घरी गरम पाण्याचा टब आहे का?"

यांची मान खाली गेली.

लिजनेअर्स डिसीज हा एक न्यूमोनिया. त्याचे जंतू म्हणजे हे लिजिओनेला; ते कोमट पाण्यात वाढतात आणि बारीक तुषारांबरोबर श्वासातून फुप्फुसात जातात.

मोहाडीत आमचं साड्यांचं दुकान. माझे गुडघे धरले म्हणून यांनी मागच्या अंगणात टब बसवला. बायका पाहून जायच्या. "नशीबवान आहेस वो बाई!" बसवणाऱ्याने क्लोरीन आणि पाणी तपासायच्या पट्ट्या दिल्या होत्या. पण यांना क्लोरीनचा वास सोसेना.

मी विचारलं होतं, "अहो, पाणी गढूळ दिसून राह्यलं, कडा बुळबुळीत झाल्या. औषध टाकता ना?"

"गरम पाण्यात कायचे जंतू? कायले भेतं तू?"

मग मला ताप आला, कोरडा खोकला. भंडाऱ्यात डॉक्टर आधी फ्लू समजले. दम लागायला लागला तेव्हा नागपूरला हलवलं. आयसीयूत तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, आणि श्वास घ्यायचा हेच दिवसभराचं काम.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "गरम पाण्यात क्लोरीन लवकर संपतं. दर वेळी बसण्याआधी पट्टीने तपासा. पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता, तीही पाहा. ती बिघडली तर क्लोरीन असूनही काम करत नाही. ठरावीक दिवसांनी टब रिकामा करून बुळबुळीत थर घासून काढा, फिल्टर धुवा." तुमच्या घरी टब असेल तर हे लक्षात ठेवा.

यांनी मात्र सगळ्यांना सांगितलं, व्हायरल होतं.

यांच्या मोठ्या बहीण, आमच्या बाई, मला पाहायला आल्या. त्यांची कंबर दुखत होती. हे म्हणाले, "बाई, टबात बस थोडा वेळ. नवीन पाणी भरलो."

"तपासलं का?" मी विचारलं.

"पाहुण्यांपुढे काहून काढतं हे?"

"बाई, मले व्हायरल नव्हतं झालं," मी म्हटलं. "या पाण्यानंच मरत होती मी. यानं औषधच टाकलं नव्हतं."

तीस वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्या कोणासमोर यांना एकेरी म्हटलं. बाईंनी टबासाठी काढलेला टॉवेल घडी करून पिशवीत ठेवला. हे दुकानात निघून गेले.

"तुयासाठीच तं आणला होता त्यानं," बाई हळूच म्हणाल्या.

एवढं बोलून मला दम लागला होता. तो अजूनही लागतो.