स्क्रूवरचा लाल ठिपका

जगन्नाथराव टिपणीस यांचा कशावरच चटकन विश्वास बसत नसे. दुधाच्या कॅनवरची तारीख ते दुकानात एकदा वाचत आणि घरी आल्यावर पुन्हा एकदा. डॉक्टरांनी रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणून सांगितलं, की यांच्या मनात पाल चुकचुके: मग हा माणूस इतका हसून का सांगतोय? औषधांच्या एका कंपनीत एकतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या चुका शोधायची नोकरी केली. निवृत्तीनंतर नोकरी सुटली, सवय मात्र सुटली नाही.

तरीही या गृहस्थांनी साठीनंतर छंद लावून घेतला तो जुन्या बागकामाच्या यंत्रांचा. अमेरिकेत, पार्सिपनीतल्या त्यांच्या गॅरेजात गाडीला जागा उरली नव्हती. तिथे हाताने ढकलायची दोन गवतकापणी यंत्रं होती, माती भुसभुशीत करणारा एक टिलर होता आणि सगळ्यांत लाडका, १९५२ सालचा दोनचाकी ट्रॅक्टर. दोन मुठी धरून त्याच्या मागोमाग चालायचं, पुढे इंजिन फटफट करतं आणि मागे छोटा नांगर माती उलटत जातो. एका पडक्या शेडमधून तो गंजलेला आणला, त्याला पुन्हा उभं करायला दीड वर्ष लागलं. तोवर गाडी बाहेर बर्फात उभी आणि काचेवरचा बर्फ खरवडायला रेखाताई, म्हणजे जगन्नाथरावांची बायको. त्या याबद्दल अवाक्षर बोलल्या नाहीत, याचंही जगन्नाथरावांना थोडं नवलच वाटे.

हे सगळं शिकवलं शेजारच्या हॅरल्डने. हॅरल्डने उभा जन्म शाळेच्या बसेस दुरुस्त करण्यात घालवला होता. कार्बोरेटर, म्हणजे इंजिनला पेट्रोल मोजून देणारा भाग, उघडावा कसा आणि मुख्य म्हणजे कधी उघडू नये, हे जगन्नाथराव त्याच्याकडूनच शिकले. अमेरिकेत येऊन पस्तीस वर्षं झाली, मंडळाच्या गणपतीत दोनशे माणसं नमस्कार करत, पण दुपारभर शेजारी बसून मनातलं बोलावं असा माणूस या देशात त्यांना एकच मिळाला. गॅरेजच्या कुलपाचा कोड घराबाहेर फक्त त्यालाच माहीत होता.

आता त्या ठिपक्याबद्दल. कुठलाही स्क्रू पक्का केला, की जगन्नाथराव रेखाताईंचं लाल नेलपॉलिश घेत आणि स्क्रूच्या डोक्यावरून खालच्या धातूवर उतरेल असा एक ठिपका देत. स्क्रू कुणी केसभर जरी फिरवला, तरी वाळलेला ठिपका तडकणार. कंपनीत असंच करत. "इथे कोण येतंय तुमचा स्क्रू चोरायला?" असं हॅरल्डने एकदा हसत विचारलं होतं. जगन्नाथराव हसले नव्हते.

एप्रिलच्या सुरुवातीला कार्बोरेटरच्या पेट्रोल कमीजास्त करणाऱ्या स्क्रूवरचा ठिपका तडकलेला दिसला.

त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. स्क्रू फिरवलेला होता. फार नाही, एका वळशाच्या आठव्या भागाइतका. गंमत म्हणजे इंजिन त्या दिवशी पहिल्यापेक्षा चांगलं चाललं. दुसरा कुणी असता तर खूश झाला असता. जगन्नाथरावांचं डोकं फिरलं. त्यांनी स्क्रू जुन्या मॅन्युअलमध्ये लिहिल्याप्रमाणे बरोब्बर दीड वळसा उघडा केला आणि नवा ठिपका दिला. आठ दिवसांनी तोही तडकला. पुढच्या आठवड्यात तिसरा.

गॅरेजात कॅमेरा लावावा असं मनात आलं, पण त्यातले फोटो कुठल्या कंपनीकडे जातील कुणी सांगावं, म्हणून तो बेत बारगळला. शिवाय कॅमेरा हवाच कशाला? कोड कुणाला माहीत होता? 'कंटाळलास तर हा ट्रॅक्टर मला विक' असं कोण म्हणालं होतं? आणि हल्ली इंजिन सुरू झालं, की कुंपणापलीकडून हसत अंगठा कोण दाखवत होतं? कुठेतरी पाणी मुरत होतं. हा माणूस आपल्याला अडाणी ठरवतोय, आपल्या पाठीमागे आपलं काम सुधारतोय आणि वर मजा बघतोय, अशी त्यांची खात्रीच झाली.

मे महिन्यातल्या एका शनिवारी ते ट्रॅक्टर घेऊन हॅरल्डच्या परसात गेले. टोमॅटोसाठी दर वर्षी तेच नांगरून देत. काम सुरेख झालं. हॅरल्ड म्हणाला, "नाऊ दॅट्स रनिंग राइट, जॅग!"

"तुला माहीत असणारच," जगन्नाथराव इंग्रजीत म्हणाले. "तूच फिरवतोस ना स्क्रू? मी नसताना माझ्या गॅरेजात शिरतोस. तीन वेळा. माझ्याकडे तारखा आहेत."

हॅरल्डचा चेहरा आधी गोंधळला, मग लाल झाला. त्याने एकदा टिपणिसांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं.

"मी हात लावलेला नाही," तो म्हणाला.

"मग कुणी लावला?"

हॅरल्डने पाठ फिरवली. घरात गेला आणि त्याने दार लावून घेतलं. आरोपी गप्प बसला म्हणजे काय, हे एकतीस वर्षांच्या अनुभवी माणसाला वेगळं सांगायला नको होतं.

"हॅरल्ड दिसत नाही हल्ली?" रेखाताईंनी विचारलं.

"बहिणीकडे गेलाय," जगन्नाथरावांनी थाप मारली.

पुढचे दोन आठवडे त्यांचे फार वाईट गेले. दुपार सरता सरेना. एका रविवारी सकाळी त्यांनी स्क्रू पुन्हा मॅन्युअलप्रमाणे दीड वळशावर आणला आणि इंजिन चालू केलं. ते धापा टाकू लागलं, मध्येच चढे, मध्येच बसे. जगन्नाथराव मॅन्युअल चाळत तसेच उभे राहिले.

आतलं दार उघडलं. रेखाताई कणकेच्या हातांनी तरातरा आल्या, त्यांनी बाकावरचा स्क्रूड्रायव्हर उचलला, मान तिरकी करून क्षणभर आवाज ऐकला आणि स्क्रू किंचित फिरवला. इंजिन एका लयीत चालू लागलं.

"उपाशी मारताय त्याला," त्या म्हणाल्या. "ऐकवत नाही मला वर स्वयंपाकघरात."

जगन्नाथरावांच्या सासऱ्यांचं सांगलीला शेतपंप दुरुस्तीचं दुकान होतं, हे त्यांना माहीत होतं. बायको तिथे बसून पावत्या लिहीत असेल, असं ते छत्तीस वर्षं धरून चालले होते. रॉकेलवरच्या पंपांचे कार्बोरेटर ती वयाच्या चौदाव्या वर्षापासून कानाने लावत होती, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

"मग मला सांगायचंस ना!"

"सांगितलं असतं तर मॅन्युअल घेऊन माझ्यामागे उभे राहिला असता. मी लावलेला प्रत्येक स्क्रू परत तपासला असता. मला तेवढं सुख पुरत होतं, अहो. तुम्ही नसताना दहा मिनिटं."

जगन्नाथरावांनी इंजिन बंद केलं. गॅरेज एकदम शांत झालं.

"हॅरल्डला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी बघितलं त्यांनी. मीच म्हटलं, प्लीज, यांना सांगू नका. शब्द दिला त्यांनी मला." मग नवऱ्याचा चेहरा बघून त्या थबकल्या. "का? काय बोललात तुम्ही त्यांना?"

जगन्नाथरावांनी सगळं सांगितलं. तारखांसकट. रेखाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं. "चला," एवढंच त्या म्हणाल्या, हातही न धुता.

हॅरल्डने दार उघडलं. जगन्नाथरावांनी आयुष्यात पहिल्यांदा कुठलीही कारणं न देता माफी मागितली. हॅरल्डने शांतपणे ऐकून घेतलं. राग गेलाय म्हणाला, आणि तो खरं बोलत होता हे दिसत होतं. रेखाताईंना तर तो म्हणाला, की माझंही एक गवतकापणी यंत्र धापा टाकतंय, जरा ऐकून जा.

"मग उद्यापासून ये पूर्वीसारखा," जगन्नाथराव घाईघाईने म्हणाले. "कोड तोच आहे."

"कोड बदल, जॅग," हॅरल्ड म्हणाला. "खरंच बदल आणि मला सांगू नकोस. म्हणजे पुन्हा काही हललं, तर निदान मी नव्हतो हे तुला माहीत असेल."

जगन्नाथरावांनी कोड बदलला नाही. हॅरल्ड आताही येतो, पण गॅरेजचं दार सताड उघडं असलं तरी वळसा घालून पुढच्या दाराशी येतो, बेल वाजवतो आणि कुणीतरी येऊन आत घेईपर्यंत पायरीवरच उभा राहतो.