खुंट्या किती?

कोणताही आलेख समोर आला की जोगदंड सर आधी त्याच्याकडे पाहायचेच नाहीत. तो आणणाऱ्याकडे पाहायचे आणि विचारायचे, "खुंट्या किती?" रेघ सगळ्या ठिपक्यांमधून सुरेख गेलेली असली तर त्यांचा चेहरा आंबट व्हायचा. "जुळलं? वा! म्हंजे काहीतरी लबाडी हाय." माझं लग्न ठरत होतं तेव्हा आमच्याच ओट्यावर बसून त्यांनी गुरुजींनाही हा प्रश्न विचारला होता. छत्तीसपैकी बत्तीस गुण जुळले हे ऐकून म्हणाले, "छत्तीस खुंट्या! एवढ्यात तर म्हैस आन ट्रॅक्टरबी जुळंल." गुरुजी चहा न घेता उठून गेले. माझ्या आईने सरांना पुढे कधी चहा विचारला नाही.

हिंगोली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात ते भौतिकशास्त्र शिकवायचे. मी त्यांच्याकडे पीएचडी करत होते, म्हणजे रोज त्यांची बोलणी खात होते. पहिल्या भेटीत त्यांनी माझे मार्कही विचारले नाहीत. गाव विचारलं. मी म्हणाले, जवळा बाजार.

"बाजाराच्या दिवशी टकरी किती व्हतात?"

"टक्कर एखादी, सर. बाकी लोक खांद्याला खांदा घासून जातात."

"बराबर. टक्कर झाली की सगळा बाजार बघाया गोळा व्हतो. घासून गेलेल्यांकडं कोण बघतं?"

"कोणीच नाही."

"आमी बघतो. उद्यापासून ये."

दूर परदेशात जमिनीखालच्या गोल बोगद्यात प्रोटॉनवर प्रोटॉन आदळवतात, एवढं पेपर वाचणाऱ्याला माहीत असतं. त्यातले बहुतेक नुसते घासून जातात आणि थोडे मंद कण इकडेतिकडे उडतात, हे कोणी छापत नाही. जोरदार धडकेचं गणित कागदावर मांडता येतं. या घासण्याच्या गणितापुढे मात्र समीकरणं हात टेकतात. मग संगणकात एक नमुना रचायचा, त्यातले काही आकडे आपल्या हाताने फिरवता येतील असे ठेवायचे, आणि यंत्रातून आलेल्या मोजमापांशी जुळेपर्यंत ते फिरवत बसायचं. या आकड्यांना सर खुंट्या म्हणायचे. "खुंट्या पिळल्यावर कोणताबी तंबोरा सुरात येतो. त्यानं तुला गाणं आलं असं व्हत न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

तिकडची मोजमापं सगळ्यांसाठी खुली असल्यामुळे हे काम आमच्याकडेही करता यायचं. कॉलेजने मोठ्या मनाने प्रयोगशाळेमागची अडगळीची खोली दिली होती. तिथे मोडकी स्टुलं, दोन संगणक आणि एक कूलर. कूलर संगणकांसाठी होता, आम्ही त्याच्या वाऱ्यात बसलो तर सर ओरडायचे. प्राचार्य पाहुण्यांना ही खोली दाखवून सांगायचे की आमचे सर अणुबॉम्बवर काम करतात. सर ते खोडून काढायचे नाहीत. "त्याला समजावण्यात माझी उमर जाईल. बॉम्ब तर बॉम्ब."

एका बाबतीत मात्र ते कोणालाच सोडत नसत. जे मोजमाप खुंट्या पिळायला वापरलं, तेच पुन्हा पुरावा म्हणून दाखवायचं नाही. "फुटलेला पेपर सोडवून पहिला आला, आन वरून पेढे वाटून राहिला," असं ते मोठमोठ्या संस्थांतल्या लोकांच्या लेखांवर पेन्सिलीने लिहून ठेवायचे. परिसंवादात हेच उभं राहून बोलायचे. त्यामुळे त्यांना परिसंवादाला बोलावणं येणं हळूहळू बंद झालं.

त्यांचा स्वतःचा एकच लेख बाहेरच्या जगाने वाचला होता. अकरा मोजमापांवर त्यांनी सात खुंट्या बसवल्या होत्या आणि बारावं मोजमाप मुद्दाम बाजूला ठेवलं होतं. धडकेतून निघणाऱ्या कणांची संख्या वाढते तसा त्यांचा सरासरी संवेग कसा वाढतो, हे ते बारावं. सरांच्या नमुन्याने ते न पाहता बरोबर सांगितलं. माझ्या प्रबंधाची चार प्रकरणं याच सात आकड्यांवर उभी होती.

प्रबंध बांधायला द्यायच्या बेतात असताना आमच्याच कॉलेजात कायमची जागा निघाली. मुलाखतीपर्यंत पदवी हातात आली असती. दुसरा उमेदवार प्राचार्यांच्या मर्जीतला होता, आणि त्याच्या प्रबंधात सगळ्या रेघा सगळ्या ठिपक्यांमधून जात होत्या. तरी माझं पारडं जड होतं. माझ्या वडिलांनी जवळा बाजारच्या निम्म्या गावाला ही बातमी सांगून टाकली होती.

त्याच आठवड्यात परिशिष्टासाठी मी सरांची जुनी यादी उघडली. तिच्यात प्रत्येक मोजमापापुढे एक वजन लिहिलेलं असतं. एक लिहिलं की संगणक ते मोजमाप जुळवायला वापरतो, शून्य लिहिलं की बाजूला ठेवतो. बाराव्यापुढे एक होता. कधीतरी चाचणीसाठी घातलेला, काढायचा राहिलेला. म्हणजे जे न पाहता सांगितलं म्हणून नाव झालं, ते पाहूनच सांगितलेलं होतं. जगाला पेढ्यांवरून झोडपणाऱ्या माणसाने स्वतः पेढे वाटले होते, आणि त्याला ते ठाऊकही नव्हतं.

मी यादी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी त्या एका आकड्यावर पेन्सिल टेकवली. मला त्यांची दया आली हे खरं, पण त्याहून जास्त स्वतःची आली. मी म्हणाले, "सर, एवढी जुनी यादी कोण उघडणार हाय? कोणाला सांगू नका. कोणाला कळतंय?"

"तुला कळलं की," ते म्हणाले. मग कूलरकडे तोंड करून, "लोकाच्या डोळ्यातलं कुसळ काढता काढता मुसळ हितं दडून बसलं व्हतं."

त्यांनी शून्य टाकून सगळं पुन्हा चालवलं. मी रोज मनात प्रार्थना करत होते की तरीही जुळावं. नाही जुळलं. कण जास्त निघाले की आमची रेघ ठिपक्यांच्या खाली राहायची, आंधळ्यालाही दिसावं इतकी खाली. सरांनी त्याच दिवशी नियतकालिकाला पत्र लिहिलं की लेखातला मुख्य दावा मागे घेतो. माझी चार प्रकरणं त्या पत्रासोबत गेली. जागा दुसऱ्याला मिळाली.

पुन्हा लिहायला मला दोन वर्षं लागली. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शेवटच्या प्रकरणातली ती खाली राहिलेली रेघ पाहून विचारलं, मग यातून साध्य काय झालं? मी उत्तर द्यायच्या आत सर बोलले, "नमुना कुठं चुकतो ते सापडलं. जुळवून आणलं असतं तर तेबी सापडलं नसतं. तुमच्या पोरांचं कुठं चुकतं, सांगता का?" परीक्षक लाल झाले. पदवी मिळाली, आणि तासिका तत्त्वावर शिकवायचं काम मिळालं, ज्यात दरवर्षी जूनमध्ये आपण आहोत की नाही हे नव्याने विचारायला जावं लागतं. सरांनी मला कधी सॉरी म्हटलं नाही. मी त्यांच्यावर मनापासून चिडलेली होते, आणि त्या चिडीत मला सुख वाटायचं.

ते निवृत्त झाले तेव्हा कॉलेजने समारंभ केला. प्राचार्य मानपत्र वाचायला लागले. त्यात अर्थातच तो बाराव्या मोजमापाचा पराक्रम होता. सर उठले, प्राचार्यांच्या खिशातलं पेन काढलं, मानपत्रावरच्या त्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि माईक हातात घेतला.

"हे खोटं हाय. मी चुकलो व्हतो. ती चूक माझ्या या विद्यार्थिनीनं पकडली." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "मी म्हणलं, दाबून टाकू. ती म्हणली, न्हाई सर, सांगायलाच पाहिजे. तिची नोकरी गेली, पण ती मागं हटली न्हाई. मानपत्र द्यायचं तर तिला द्या."

टाळ्यांचा कडकडाट झाला. ज्याला माझी जागा मिळाली तोही पहिल्या रांगेत वाजवत होता. मी उभी राहिले आणि हात जोडले.

नंतर मंडपामागे त्यांना गाठलं. "सर, तुमी खोटं काहून बोलले?"

"तुझी नोकरी माझ्या चुकीनं गेली," ते म्हणाले. "दुसरं काय व्हतं माझ्यापाशी द्यायला? ही शाल?" जन्मभर ज्या गोष्टीला नाक मुरडलं, ती पहिल्यांदा करून बसलेला माणूस होता तो. मी त्यांच्या पाया पडले नाही. मला राग आला होता, कारण त्यांच्यावर चिडायची सोयही त्यांनी काढून घेतली होती.

पुढच्या उन्हाळ्यात पुसेगावला, त्यांच्या गावी, ते गेले. कॉलेजात शोकसभा झाली. एकामागून एक सगळे माईकवर येऊन सांगत होते की जोगदंड सर आयुष्यात एकदाही खोटं बोलले नाहीत. सत्यासाठी नोकरीवर पाणी सोडणारी त्यांची विद्यार्थिनी अशी माझी ओळख करून दिली गेली. ही दोन्ही वाक्यं चूक आहेत हे त्या सभागृहात मला एकटीलाच माहीत होतं. माझी पाळी आली तेव्हा मीही माईकवर जाऊन सांगितलं की सर आयुष्यात एकदाही खोटं बोलले नाहीत.