धावजींच्या बुटातला कापूस

धावजींना मी ओळखत होतो असं म्हणायची हिंमत होत नाही. त्यांना मुलं किती, हे ते गेल्यावर तांड्यावर गेलो तेव्हा कळलं. मला त्यांचे पाय तेवढे ठाऊक होते.

दिग्रसच्या एका जिनिंगवर ते दिवसपाळीचे चौकीदार होते. कापसाच्या गंज्यांभोवती फेऱ्या मारायच्या, कुणी बिडी पेटवत नाही ना बघायचं. बसायची मुभा नव्हती. मी निवृत्त पोस्टमन. सकाळी फाटकापाशी दोन शब्द व्हायचे.

गेल्या हंगामात त्यांची टाच दुखायला लागली. मालक म्हणाले, सोमवारपर्यंत फेऱ्या जमल्या नाहीत तर दुसरा माणूस ठेवतो. धावजींनी बुटात गंजीतलाच कापूस भरला. सकाळी मऊ लागायचा, दुपारी त्याचा घट्ट गोळा होऊन टाचेत रुतायचा.

"बाबूजी, तुमी जिंदगीभर पायी फिरले. तुमाले समजते. चाला ना दुकानात."

मला काही समजतं, असं सहसा कुणी म्हणत नाही. मी गेलो. बुटात घालायचे सोल अंगठ्यानं दाबदाबून पाहिले आणि सगळ्यात मऊ फोमचा निवडून दिला. तीन दिवसांत तो पापडासारखा चपटा झाला. धावजी लंगडत होते, तरी फाटकापाशी मला हसून रामराम करायचे. तेच जास्त लागलं.

शनिवारी मीच त्यांना परत घेऊन गेलो. दुकानवाली पुष्पा हसली. "गादी घेऊन राह्यले का, बाबूजी? अंगठ्यानं कायले दाबता? अंगठा थोडीच फेऱ्या मारते!"

तिनं बुटातला जुना सोल काढला. मग मधे उंचवटा आणि टाचेला खोलगट जागा असलेला एक सोल बसवला.

"हे तं टणक हाय व बाई," धावजी म्हणाले.

"नाडी बांधा, चालून पाहा, मंग बोला."

ते बसस्टँडपर्यंत जाऊन आले. येताना त्यांची टाच पूर्ण टेकत होती.

सोमवारी फेऱ्या झाल्या. हंगाम संपला तरी नोकरी टिकली. उन्हाळ्यात मात्र एका दुपारी छातीत कळ येऊन ते गेले. त्या सकाळी मी नेहमीसारखा फाटकावरून चाललो होतो.

"बाबूजी, तुमची चप्पल एकीकून घासली हो."

"घेतो उद्या नवी."

"मऊ नका घेऊ बरं."

"नाही घेत."