मंगळवारची सुट्टी

ही गोष्ट मी अजून कुणापुढे काढलेली नाही. अण्णा गेले — अण्णा म्हणजे माझे वडील — आणि पुण्यानुमोदनाच्या दिवशी आमच्या गल्लीतली माणसं एकेक करून बोलायला उभी राहिली. पोरानं शेवटपर्यंत केलं, असं जवळजवळ प्रत्येक जण म्हणाला. मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना ते दुःख वाटलं. दुःख होतंच. पण मान त्यासाठी खाली नव्हती. तेव्हाच उठून सांगता आलं असतं — नाही का? तुम्ही समोर नाही आहात, म्हणून आता लिहू शकतोय.

अण्णांचा आवाज तुम्ही ऐकायला हवा होता. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात ते फिटर होते. आयुष्य मशीनच्या खडखडाटात गेलं, पण गळा मोकळा राहिला. लग्न असो, बुद्धपौर्णिमा असो, वंदना घ्यायला त्यांनाच बोलावत. ते एक ओळ म्हणत, मागून सगळे तीच म्हणत. मागं म्हणणारं कुणी नसेल तर ते सुरूच करत नसत. एकट्यानं म्हणणं त्यांना अर्धं वाटायचं.

तरुणपणी ते दोस्तांबरोबर सायकलवर वेरूळला गेले होते. दहाव्या लेण्याचं छत आतून बरगड्यांसारखं कोरलेलं आहे; आवाज वर जातो आणि घुमत परत येतो. तिथं, मोठ्या मूर्तीसमोर, त्यांनी वंदना घेतली होती. "दगड माझ्या मागं म्हणत हुता," असं ते सांगायचे. किती वेळा सांगितलं असेल — मी मोजलं नाही, कारण मी बहुधा वाचत असायचो.

गेल्या उन्हाळ्यात त्यांना तिथं पुन्हा एकदा जायचं होतं. माझ्याबरोबर. मार्चपासून घसा बसलेला. ज्येष्ठमधाचा तुकडा गालात धरून बसायचे. "आवाज हाय तवर जाऊन येऊ," म्हणाले. हसत म्हणाले. पण मी ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं.

माझी नोकरी शेंद्र्याला, एका कंपनीच्या स्टोअरमध्ये. आमच्या विभागाला साप्ताहिक सुट्टी मंगळवारी, आणि वेरूळची लेणी मंगळवारीच बंद. अण्णा म्हणायचे, तुझ्या सायबाची अन् लेण्याची मिलीभगत दिसती रं. एक दिवस रजा टाक, असं मात्र त्यांनी कधी म्हटलं नाही. जन्मभर खाडा न केलेला माणूस. दुसऱ्याची रजा मागणं त्यांना जड जायचं.

आता सांगतो. एप्रिलमध्ये सुट्ट्यांचं वेळापत्रक बदललं आणि मला रविवार मिळाला. मी घरी सांगितलं नाही.

एवढंच? नाही, एवढंच नाही. रविवारी आमच्या घरात माणसांची रीघ असायची — कुणाची लग्नपत्रिका, कुणाचा अर्ज, कुणाचं भांडण. मला एक दिवस पुस्तक घेऊन कुणी ओळखणार नाही अशा जागी बसायचं होतं. एकच रविवार, असं ठरवलं होतं. मग मे संपेपर्यंत प्रत्येक रविवारी मी कंपनीचा शर्ट घालून, ड्युटी आहे सांगून, मोटारसायकलवर म्हैसमाळच्या डोंगरावर जात राहिलो. मंगळवारी खरोखर कामावर जायचो, त्याला ओव्हरटाइम म्हणायचो.

आई गेल्यापासून स्वयंपाक अण्णांकडे होता. सगळ्या जगाच्या सुट्टीच्या दिवशीही पोराला राबवतात म्हणून रविवारचा डबा ते जास्त मन लावून करायचे. ज्वारीच्या दोन भाकरी, भाजी, कैरीचा तक्कू. तो डबा मी म्हैसमाळच्या झाडाखाली उघडायचो. आजूबाजूला शहरातून आलेली कुटुंबं सतरंज्या टाकून बसलेली असायची. म्हाताऱ्यांना हात धरून आणलेलं असायचं. मी वाचत जेवायचो. तक्कू चांगला व्हायचा. हे लिहिताना हात थांबतो, पण तो चांगला व्हायचा.

तो रस्ता तुम्हाला माहीत असेल. खुलताबादेत एक वाट म्हैसमाळला चढते, दुसरी वेरूळला उतरते. दर रविवारी मी तिथल्या टपरीवर चहा घ्यायचो आणि वर वळायचो. खाली लेणी चार-पाच किलोमीटरवर. उघडी.

जूनमध्ये तपासणी झाली. घशात गाठ होती. जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल, डॉक्टर म्हणाले. काढलं. अण्णांच्या गळ्याशी एक भोक राहिलं, त्यावर पांढरं फडकं. खिशात एक वही आली.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी मी त्यांना वेरूळला नेलं. रजा काढली, असं सांगितलं. खुलताबादेत त्यांनी चहाची खूण केली, म्हणून थांबलो. दुसरी टपरी शोधायचं मला का सुचलं नाही? चहावाल्यानं मला पाहिलं आणि ओळखीचं हसला.

"क्या सर, गर्मी में तो हर इतवार म्हैसमाळ जाते थे. आज इधर?"

अण्णांनी कप खाली ठेवला. वहीकडे हात जाईल म्हणून मी वाट पाहत होतो. हात गेला नाही. पुढच्या चार महिन्यांत, ते जाईपर्यंत, त्या वहीत याबद्दल एक शब्द आला नाही. मी नंतर पान न् पान पाहिलं आहे.

लेणी नुकतीच उघडली होती; दहाव्या लेण्यात आम्ही दोघंच होतो. अण्णांनी चप्पल काढली, हात जोडले आणि माझ्याकडे पाहून हनुवटीनं खूण केली — तू म्हण. ते मागून म्हणणार होते.

मी सुरू केलं. माझा आवाज बारीक. तरी छतानं तो घेतला आणि परत दिला. माझ्या प्रत्येक ओळीनंतर अण्णांचे ओठ हलत होते, मागं दगड म्हणत होता. तीन शरणं झाली. पंचशील सुरू झालं. पहिलं, दुसरं, तिसरं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. मी तिथं थांबलो.

अण्णा हात जोडून वाट पाहत होते. ओठ उघडे, ओळ घ्यायला तयार. तेव्हा तरी बोलायचं होतं. दुसरं कुणी ऐकायलाही नव्हतं.

"घसा बसला, अण्णा," मी म्हणालो.

तेही परत ऐकू आलं.

त्यांनी जोडलेले हात सोडले. मग खिशात हात घातला, वहीमागून कागदाची पुडी काढली, उन्हाळ्यातला ज्येष्ठमधाचा एक तुकडा शोधला आणि माझ्या तळहातावर ठेवला. मी तो तोंडात घातला. घरी येईपर्यंत चघळत होतो.