दोरा बांधलेली बोटं

दाजींचा फोन आला तेव्हा मी बुलढाण्याला कोर्टासमोरच्या माझ्या टेबलावर एका पक्षकाराचं प्रतिज्ञापत्र टाइप करत होतो. "मिलिंद, तुझी बाई प्लॉटात पडली," दाजी म्हणाले आणि थांबले. "दवाखान्यात नेलं, पण... राहिली नाही ती." मी बरं म्हणालो. उरलेलं प्रतिज्ञापत्र पूर्ण केलं, दोनदा वाचलं, खाली सहीला जागा सोडली आणि मग शेजारच्या टायपिस्टला सांगितलं, माझी बहीण वारली, मी निघतो. तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याला वाटलं असेल, हा माणूस आहे की दगड. आता काही आठवडे झाले, मलाही तेच वाटतं. लोक भेटायला येतात, डोळे पुसतात, आणि मी त्यांना चहा घेणार का ते विचारतो.

बाई म्हणजे माझी थोरली बहीण. माहेर देऊळघाटचं, दिली होती देऊळगावराजाकडे. तिकडे शेडनेटच्या प्लॉटात मिरचीचं बियाणं तयार करतात आणि बायका सकाळी सकाळी एकेक कळी हाताने फळवतात. कळीला पराग लावायचा आणि झालेल्या कळीला लाल दोरा बांधायचा. दोरा असलेल्या मिरचीचंच बी धरतात, बाकीच्या तोडून टाकतात. या कामात बाईचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. कमीपणा घेणं तिच्या स्वभावात नव्हतं. मला म्हणायची, "तू कागद काळे कर, मी मिरच्या लाल करतो. पाहू कोनाचं काम जास्त टिकते."

काही वर्षांपूर्वी रोहिणखेडहून परत येताना माझी मोटारसायकल घसरली आणि डोक्याला मार लागला. पुढचं मला काहीच आठवत नाही. हे जे लिहितो आहे ते सगळं माझ्या बायकोने, संगीताने सांगितलेलं. मेंदूत रक्त साचलं होतं. ऑपरेशन झालं, मी जगेन हे कळलं, पण हात चालतील की नाही ते डॉक्टर सांगेनात. टायपिस्टचे हात गेले तर त्याच्याकडे उरतं काय? संगीता आणि माय कॉटजवळ बसून नुसत्या बघत राहायच्या. बाई मात्र ऐन हंगामातला प्लॉट सोडून आली ती पिशवीत दोऱ्याचं रीळ घेऊनच. तिने स्टूल ओढलं, माझा उजवा हात हातात घेतला आणि अंगठ्याचं नख जोरात दाबलं. "मिल्या, समजते का बे?" मग पुढचं बोट. दोन्ही हात झाले की पुन्हा पहिल्यापासून. माय म्हणाली, "पोरी, त्याले आराम त करू दे." बाई म्हणाली, "आरामच करून राह्यला ना तो. काम त मीच करून राह्यली."

एके दिवशी ती नख दाबत असताना उजवा अंगठा मागे ओढला गेला. तिने लगेच त्याला लाल दोरा बांधला. मग तर्जनीला. तपासायला आलेले डॉक्टर ते पाहून भडकले. "मावशी, हे गंडेदोरे इथे चालणार नाहीत. सोडा ते." आमच्या आजोबांनी धम्म घेतला आणि घरातले देव बाहेर काढले, तेव्हापासून गंडा-ताईत आमच्या उंबऱ्याच्या आत आलेला नाही. बाईचा आयुष्यात एवढा अपमान कुणी केला नसेल. "डॉक्टरसाहेब, आमी बौद्ध हाओत," ती उभी राहून म्हणाली. "आमच्यात गंडा कोनी बांधत नाही. ही खूण हाये. ज्या बोटाले समजलं त्याले दोरा. बिनदोऱ्याचं बोट अजून बाकी हाये." डॉक्टरांनी माझा हात उचलून पाहिला. संगीता सांगते, त्यानंतर ते फेरीवर आले की फाईलच्या आधी दोरे बघायचे. एकदा अंग पुसताना नर्सने सगळे दोरे कापून टाकले. बोटं तीच आहेत, हलतात, असं बाईला सगळ्यांनी समजावलं. "दोरा नाही त काम झालं नाही," ती म्हणाली, आणि पुन्हा अंगठ्यापासून सुरुवात. शुद्धीवर आल्यावरची माझी पहिली आठवण हीच. नख दुखत होतं, समोरची बया कोण ते कळत नव्हतं, आणि ती मला का छळते आहे हे मला कुणालातरी विचारायचं होतं...

डाव्या करंगळीला दोरा बांधायची वेळ काही आली नाही. बाकीची नऊ बोटं घेऊन मी टेबलावर परतलो. शिफ्टची कळ त्या करंगळीने दाबतात, ती मी दुसऱ्या बोटाने दाबायला शिकलो. मी विषय सोडून दिला, बाईने सोडला नाही. दर भेटीत, हातपाय धुवायच्याही आधी, ती करंगळी पकडायची. "समजते का?" "नाही." एकदा तिला बरं वाटावं म्हणून मी दुसरीकडे तोंड करून म्हणालो, "हाव, समजलं आज." "म्या अजून दाबलंच नाही बे," ती म्हणाली, आणि मग आम्ही सगळेच कितीतरी वेळ हसत होतो.

मी पोचलो तेव्हा तिला पुढच्या खोलीत निजवलं होतं. बायका रडत होत्या, दाजी भिंतीला टेकून बसले होते, आणि आता भाऊ आला म्हणजे हंबरडा फोडणार म्हणून सगळे माझ्याकडे बघत होते. मला रडू आलं नाही. मला राग आला, आणि त्या दिवसातलं तेवढंच एक मला नीट जाणवलं. माझ्यासाठी ही महिनोन्महिने स्टुलावर बसली आणि मला तिने एक दिवस बसू दिलं नाही. सकाळी कामाला गेली आणि दुपारपर्यंत सगळं उरकून मोकळी झाली. मी तिच्या शेजारी बसलो. तिचा उजवा हात उचलून मांडीवर घेतला. बोटांची टोकं झाडांच्या रसाने अजून हिरवट होती. मी अंगठ्याचं नख दाबलं. "बाई, समजते का?" मग तर्जनी. मग मधलं बोट... खोलीतलं रडणं थांबलं. एक म्हातारी मला उठवायला पुढे झाली. "राहू द्या," दाजी म्हणाले, "करू द्या त्याला." उजव्या हाताची पाचही बोटं झाली. मग मी उठून पलीकडच्या बाजूला गेलो आणि तिचा डावा हात घेतला.