‘पासवर्ड बदला’ म्हणणारा चोर

निवडणुकीच्या रविवारी टीव्हीवर आकडे सरकू लागले की ती केस आजही माझ्या डोळ्यांपुढे उभी राहते. तेव्हा मी जर्मनीतल्या एका राज्याच्या पोलिसांत, सायबर शाखेत होतो. आई नर्स म्हणून पुण्याहून इथे आली, मी इथेच वाढलो. पण राग आला की तोंडातून मराठीच निघते.

एका गावाच्या नगरपालिकेतून तक्रार आली. निवडणुकीआधी मतांचे आकडे राजधानीला पाठवायची रंगीत तालीम चालू होती. आकडे खोटे, सॉफ्टवेअर मात्र खरं. त्यात कुणीतरी बाहेरून शिरलं होतं. एकही आकडा हलवला नव्हता. फक्त शेऱ्याच्या रकान्यात मोडक्या जर्मनमध्ये लिहिलं होतं, "कृपया पासवर्ड बदला."

मी चक्रावलो. घरात शिरून मालकाला कुलूप बदला म्हणणारा चोर उभ्या नोकरीत भेटला नव्हता.

ज्या इंटरनेट जोडणीवरून हे झालं, ती निघाली एका मराठी इंजिनिअरच्या नावावर. मोटारींच्या गिअरबॉक्समध्ये आयुष्य घातलेला माणूस. चौकशीला बोलावलं, तर खुर्चीत टेकायच्या आधीच "मीच केलं" म्हणाला. गुन्हा शाबित झाला तर नोकरी जाईल, राहण्याचा परवाना जाईल, नवराबायकोला देश सोडावा लागेल, हे मी स्पष्ट सांगितलं. तरी त्याचं तेच पालुपद. इतक्या पटकन कबुली देणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही.

मी लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला. "दाखवा बरं, कसे शिरलात?"

गडी घामाघूम! बोट कुठे ठेवायचं तेही सुचेना. एवढ्यात बाहेर बाकावर बसलेली त्याची बायको तडक आत आली.

"अहो, पुरे आता. साहेब, यांना साधा प्रिंटर जोडता येत नाही. मी केलंय ते."

पुण्यात ती बँकांची सॉफ्टवेअर तपासायची. इथे जर्मन कच्चं, म्हणून घरी. घरभाडं, वीज, इंटरनेट, सगळं नवऱ्याच्या नावावर. त्यामुळे आम्हीही थेट त्याच्याच मानगुटीवर. भाषेच्या वर्गाची सहल नगरपालिकेत गेली, तेव्हा हिने विचारलं, हाताने मोजलेली मतं राजधानीला पोचतात कशी? कारकून बाई ऐटीत म्हणाल्या, "गेनाऊ! अगदी अचूक, सॉफ्टवेअरने." हिला चैन पडेना. घरी येऊन इंटरनेटवर त्या सॉफ्टवेअरचं लॉगिनचं पान शोधलं आणि पासवर्ड म्हणून गावाचं नाव टाकून पाहिलं. उघडलं की!

"मग फोन करायचा ना?" मी म्हटलं.

"केला होता हो. त्या म्हणाल्या, आधी जर्मन शिका."

कारकून बाईंना विचारलं. त्यांनी मान खाली घालून हो म्हटलं. मला भयंकर संताप आला. अहवालात मी सगळं जसंच्या तसं लिहिलं आणि सरकारी वकिलांनी केस बंद केली. त्याच सुमारास राज्याच्या विधिमंडळात निवडणूक यंत्रणेच्या सुरक्षेचा कायदा घाटत होता. वरिष्ठांनी नाकं मुरडली, तरी हट्टाने मी तिला समितीपुढे नेलं. पुढे कायदा झाला: सॉफ्टवेअरची बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी सक्तीची, आणि दोष कळवणाऱ्याचं ऐकून घेणारी एक स्वतंत्र खिडकी.

कुठे होतात, काय केलंत, हेच मी आयुष्यभर लोकांना विचारत आलो. त्यानंतर आधी विचारू लागलो, तुम्हाला काय खटकलं?

पुढच्या निवडणुकीपर्यंत ते दोघं आमच्याच गावात राहायला आले होते. मतमोजणी इथे कुणालाही बघता येते. शाळेच्या हॉलमध्ये बघतो तर त्याच पासवर्डवाल्या बाई भिंतीशी उभ्या.

"तुम्हाला तर इथे मत नाही," मी म्हटलं.

"नसू दे. तुमचं नीट पोचतंय का, ते बघायला आलेय."