आक्काने सगळ्याला 'हो' म्हटलं

आक्का घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांचं करायची. वीस वर्षांत एका घरची गोष्ट तिने दुसऱ्या घरी कधी नेली नाही. डॉक्टरांना पाठवलेले जखमांचे फोटोही ती लगेच पुसून टाकायची.

जुना फोन पाण्याच्या बादलीत पडून कायमचा गेला, तेव्हा दुकानात तिने पहिलाच प्रश्न विचारला, "आतलं बाहेर जाणार नाही असा कुठला आहे?"

"तसा घ्यायचा तर तीन महिन्यांचा पगार जाईल, मावशी," दुकानदार म्हणाला. "स्वस्तातल्या फोनमध्ये कंपनीची ॲप्स आधीच भरलेली असतात. ती काढता येत नाहीत."

"मग बटणांचा द्या."

"देतो की. पण कामावरची हजेरी कशावर लावणार?"

तिला कामं देणाऱ्या एजन्सीची हजेरी ॲपवरच लागायची, तीही रुग्णाच्या पत्त्यासकट. आक्काने मुकाट्याने स्वस्तातला फोन घेतला. फोनने मागितलेल्या प्रत्येक परवानगीला ती आधी 'नाही' म्हणाली. हजेरीचं ॲप जागचं हलेना, तेव्हा तिने सगळ्याला 'हो' म्हटलं.

आठवडाभरात तिने एका आजोबांच्या पाठीवरच्या जखमेसाठी फोनवर मलम शोधलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या उशाशी ठेवलेल्या तिच्या फोनवर तसल्याच जखमांवरच्या मलमाची जाहिरात झळकली. आजोबांची सून बघतच राहिली.

"आमच्या घरातलं तुमच्या फोनला कसं कळलं हो?"

"मी कुणाला सांगितलं नाही, ताई," आक्का म्हणाली. तिचा आवाज तिलाच खोटा वाटला.

त्या घराने बाई बदलून मागितली. एजन्सीने आक्काला नवा पत्ता पाठवला. तिथल्या दारात उभं राहून तिने हजेरी लावली आणि आत गेली.